मातीच्या विटांची खोली

शाळेत पोषण आहार शिजवायची खोली मातीच्या विटांची बांधू, असं मी ग्रामसभेत म्हटलं आणि पुढं बसलेली आजी उठून उभी राहिली. "मातीचं नाव काढू नगं माय. मातीखालनं भाऊ-भावजय काढलेत म्या." सभा गप्प झाली. मीही खाली बसले.

आम्ही औसा तालुक्यातले. आजीचं माहेर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, तेव्हा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. मी सात वर्षांची होते. पुनर्वसनाच्या ५२ गावांत आमचं गाव नव्हतं, पण आमच्या गल्लीतलीही माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, बसली. तेव्हापासून इकडं माती म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीव. शाळेच्या खोल्याही तशाच. मार्चात सकाळची शाळा लागली तरी अकराच्या सुमाराला स्लॅबखाली पोरांना बसवत नाही.

त्या रात्री मी गवंडीमामांच्या ओसरीवर गेले. भूकंपानंतर घरदुरुस्तीचं काम निघालं तेव्हा मामांनी त्याचं प्रशिक्षण घेतलेलं. माझी आत्याही त्या कामात होती. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक', म्हणजे लोक आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून नेमलं होतं, त्यांतली ती एक. मामा म्हणाले, "उद्या आजीला शाळेत आण. सांगून नाही पटायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानात गुडघ्याएवढ्या दोन भिंती रचल्या. पहिली आपल्या जुन्या वाड्यांसारखी: आतून दगड, बाहेरून दगड, मधे भरड आणि चिखल. दुसरीत दर दोन हातांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घातला. मग दोन्हींना पायानं रेटलं. पहिलीचं पोट फुगलं, दोन्ही पदर सुटले आणि दगड घरंगळले. दुसरी हलली, पण उभी राहिली. "आन् वर माळवदाची हातभर माती," मामा म्हणाले. आजी बराच वेळ त्या ढिगाऱ्याकडं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

माती निवडायचं काम पोरांना दिलं. शेतातली काळी, ओढ्याकाठची आणि टेकडीचा मुरूम, तिन्हींचे नमुने पाण्याच्या बाटल्यांत घालून हलवून ठेवले. रेती लगेच खाली बसली, चिकण वर तरंगत राहिली. पोरांनी स्केचपेननं थरांच्या रेघा मारल्या. काळी माती बाद झाली, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. मुरूम चाळून त्यात थोडं सिमेंट मिसळायचं, ओलसर मिश्रण दाबयंत्राच्या साच्यात भरायचं आणि वीट दाबायला दोघींनी त्याच्या दांड्याला लटकायचं. वीट भाजायची नाही, म्हणजे भट्टीचं जळण नाही. गोणपाटं ओली ठेवून २८ दिवस जपायची. आमच्याकडं पाण्याचं काय मोल आहे हे वेगळं सांगायला नको, म्हणून गोणपाटावर प्लॅस्टिक अंथरलं. भूकंपात भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून दारांवरून चारी भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या. वरच्या स्लॅबमध्ये खालच्या अंगाला जुनी कौलं बसवली. तिथलं काँक्रीट भार घेत नाही, मग ते वाया का घालवायचं?

पैशांचं सांगायचं तर, सरकारी अंदाजपत्रकात या विटेला ओळच नव्हती. खोली लोकवर्गणीतून झाली. त्यासाठी किती उंबरे झिजवले ते आम्हालाच माहीत.

मला सगळ्यात जिवाजवळची गोष्ट वेगळीच आहे. आधीची खोली बांधली तेव्हा माणसं बाहेरून आली, बांधून गेली आणि दुसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. दुरुस्त करणारं गावात कुणी नव्हतं. आमची पोरं पुण्यात साइटवर बिगारी, बाया इथं घमेली उचलणाऱ्या. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात. त्या बायांनीच अट घातली की कामावर येईल त्याला काम शिकवायचंच. चार बाया आणि तीन पोरं शिकली. ऊसतोडीहून आलेल्या एकीच्या हातात मामांनी पहिल्यांदा ओळंबा दिला. दोरी स्थिर होईपर्यंत तिनं श्वास रोखून धरला होता. भिंत बोटभर कलली होती. तिनं स्वतःच तीन थर उतरवले आणि पुन्हा चढवले. परवा शेजारच्या गावातून तिला बांधकामाला बोलावणं आलं, तेव्हा तिनं गवंड्याची मजुरी सांगितली आणि ती मिळाली.

आता दोन वर्गखोल्यांची वेळ आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी ठराव लिहिलाय: माती इथलीच, शिकाऊ गावातलेच, त्यांत निम्म्या बाया. काल आजींना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, "पट्ट्याचं लिहिलं न्हाईस. ते वर लिही, पयल्या ओळीत."