खारपाणपट्ट्यात शाम्पू सोडताना

गेल्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी शाम्पू लावणे बंद केले. त्यामागे फार उदात्त विचार नव्हता. हिवाळाभर डोक्याला खाज सुटत होती, केसांची टोके कडब्यासारखी झाली होती, आणि अमरावतीला शिकणाऱ्या मुलीने सुटीत घरी आल्यावर मोबाइलवर एका बाईचे मत ऐकवले. शाम्पू टाळूवरचे तेल ओरबाडून नेतो, म्हणून टाळू आणखी तेल तयार करते. शाम्पू थांबवून महिना-दीड महिना कळ काढली, की टाळूची ही सवय मोडते आणि केस आपोआप स्वच्छ राहू लागतात, असे ते मत होते. फुकटात होणारे काम कोणाला नको असते? मी उत्साहाने सासूबाईंना सांगितले. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपोआप तं घरातलं भांडंबी घासल्या जात नाही वं, केसं कसे धुवून निघतीन?"

पुढचे सहा महिने मी या एका वाक्याशी भांडत होते.

प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची बारीक ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारे तेल टाळूला आणि केसाला मऊ ठेवते, केसावर पाणी फार मुरू देत नाही. शाम्पूमधले फेस आणणारे रसायन, बहुतेक बाटल्यांवर लिहिलेले सोडियम लॉरेथ सल्फेट, एका टोकाने तेल धरते आणि दुसऱ्या टोकाने पाणी, त्यामुळे तेल पाण्याबरोबर वाहून जाते. भांड्याचा साबणही याच रीतीने काम करतो. शाम्पू थांबवला की ते तेल डोक्यावरच राहते. इथवर सगळे खरे आहे. परंतु ते तेल कुठे जाणार, आणि त्याला तिथे कोण नेणार, हा प्रश्न त्या मोबाइलमधल्या बाईने विचारला नव्हता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. माझे केस कंबरेपर्यंत आहेत, म्हणजे त्यांची टोके पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून निघालेली आहेत. इतक्या लांबवर मुळाशी पाझरलेले तेल स्वतःहून चालत जात नाही.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात भांगाजवळचे केस चिकटून झिपऱ्या होऊ लागल्या. मार्चच्या सुरुवातीला डोक्यावर जे जमले ते तेल नव्हतेच. केसांतून हात फिरवला की बोटांना करड्या रंगाचा, मेणासारखा थर लागे, आणि तो कोमट पाण्यानेही निघत नसे. सासूबाईंनी नखाने खरवडून पाहिले. "हे तं मेन हाय वं," त्या म्हणाल्या. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, अजून थोडे दिवस थांब, हा मधला काळ असतो." मी थांबले. त्या काळात एका लग्नाला डोक्यावर पदर घेऊन गेले, आणि नव्वदीच्या एका आजीबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या संस्कारांचे कौतुक केले.

दोष टाळूच्या सवयीचा नव्हता, पाण्याचा होता. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. शहानूर धरणाचे नळाचे पाणी येते ते आम्ही पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवतो, कारण बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या करा. आंघोळ, कपडे आणि गुरे मात्र बोअरच्याच पाण्यावर. या पाण्यात मिठाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षारही असतात. साबणाला फेस येण्याऐवजी बादलीच्या कडेला पांढरट साय धरते, ती या क्षारांचीच करणी. साबण ज्यापासून बनतो ती मेदाम्ले, म्हणजे तेलातली आम्ले, टाळूच्या तेलातही काही प्रमाणात सुटी असतात, आणि क्षारांशी गाठ पडली की तीही तशीच साय धरतात. म्हणजे मी शाम्पू सोडून रोज डोक्यावर बादलीच्या कडेची साय तयार करत होते. शाम्पूमधल्या रसायनाला या क्षारांची फारशी बाधा होत नाही, म्हणून इतकी वर्षे हा गुंता माझ्या लक्षातच आला नव्हता.

मग प्रयोग सुरू झाले. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून डोक्याला लावला. थर निघाला, पण केसांचा दोरखंड झाला. टाळूची त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (pH) साधारण साडेपाच असतो. सोड्याचे पाणी आठाच्या वर जाते, आणि अशा पाण्यात केसांवरची खवले उघडून ती एकमेकांत अडकतात. तो गुंता सोडवायला एक अख्खी दुपार गेली, आणि केसांचा एक पुंजका कात्रीलाच द्यावा लागला. बेसनाने बरे वाटले, परंतु ते निघता निघेना आणि केस वाळल्यावर भज्यांचा वास येई. ताकाबद्दल काही लिहीत नाही.

शेवटी सासूबाईंनी त्यांच्या लहानपणीची पद्धत सांगितली. त्यांच्या माहेरी बाया आठवड्यातून एकदाच डोक्यावरून न्हात. थंडीत बहिरमच्या जत्रेत मेळघाटाकडून आलेल्या बायांकडून वर्षाचे रिठे आणि शिकेकाई घेऊन ठेवत, आणि ते संपले की शेताच्या बांधावरच्या हिंगणबेटाचा गर चालवून घेत. रेशमी लुगडेही त्याच गराने धूत. या तिन्ही फळांत फेस देणारे द्रव्य असते, ज्याला सॅपोनिन म्हणतात. ते साबणासारखे क्षारांशी मिळून साय धरत नाही, म्हणून खाऱ्या पाण्यातही उपयोगी पडते. आमच्या भागातल्या बायांनी रसायनशास्त्र न शिकता नेमकी ही फळे निवडली होती, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे, की सासूबाईंनी गावात एक रुपयाची शाम्पूची पुडी मिळू लागल्यावर रिठे फोडणे आनंदाने सोडले होते. तामिळनाडूतल्या कडलूरहून चिक शाम्पू 1983 साली बाजारात आला, आणि बाटली ज्यांना परवडत नव्हती त्या बायांपर्यंत शाम्पू पोहोचला तो अशा पुड्यांमुळेच. रिठ्याच्या बिया काढताना अंगठ्याचे नख दुखते आणि पाणी डोळ्यांत गेले तर अर्धा तास डोळा उघडत नाही. जुने ते सोने म्हणणाऱ्यांनी एकदा दहा रिठे फोडून पाहावेत.

मला खरा धडा दिला तो फणीने. सासूबाईंकडे दोन्ही बाजूंनी दात असलेली, उवा काढण्याची जुनी लाकडी फणी आहे. रोज रात्री जेवणे झाली की त्या मला समोर बसवत. आधी बोटांच्या पेरांनी टाळू चोळत, कानांच्या मागून सुरू करून भांगापर्यंत. मग केसांचे चार भाग करून एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरत. बट संपली की फणी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर पुसत. पहिल्या रात्री तो तुकडा काळाकरडा झाला. फणीच्या दातांत धूळ, कोंडा आणि मेण यांचा थर चिकटत होता, आणि मुळाशी साचलेले तेल हळूहळू टोकांकडे सरकत होते. आठ-दहा दिवसांनी टोके मऊ लागू लागली. यात दररोज पंधरा ते वीस मिनिटे जातात. शाम्पू हा शब्द मुळात हिंदीतल्या 'चांपना'वरून, म्हणजे चेपण्यावरून गेला, आणि पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी तो मालिशीच्या अर्थानेच नेला, हे वाचल्यावर मला हसू आले. त्या अर्थाने मी शाम्पू आत्ता कुठे करू लागले होते.

तरीही मेणाचा थर पूर्ण गेला तो जुलैमध्ये. पहिल्या पावसाचे पाणी टिनांवरची धूळ धुऊन जाऊ दिले आणि दुसऱ्या पावसाला पन्हाळीखाली ड्रम लावला. त्या पाण्यात रिठा कालवला, तेव्हा दुप्पट फेस आला, आणि डोके धुतल्यावर केस बोटांखाली करकर वाजले. असे तीनदा धुतले आणि फणीला मेण लागणे थांबले. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, हे शाळेत शिकले होते. डोक्यावर कधी अनुभवले नव्हते.

आता दर चार दिवसांनी नुसत्या कोमट पाण्याने टाळू चोळून धुते आणि पंधरा दिवसांतून एकदा रिठा लावते. खाज गेली आहे. टाळूने तेल कमी केले का, असे मुलगी विचारते. मला तसे काही जाणवले नाही, आणि तेल किती पाझरायचे हे मुख्यतः शरीरातली संप्रेरके ठरवतात, शाम्पूची बाटली नव्हे. तेल तितकेच येते. ते पसरवण्याचे काम मात्र आता आम्ही दोघी करतो. शेजारच्या मुलीने माझे पाहून शाम्पू बंद केला, तिचा कोंडा मात्र वाढला. कोंड्याला कारण होणारी बुरशी टाळूच्या तेलावरच जगते, त्यामुळे ज्याला मुळात कोंड्याचा त्रास आहे त्याने हा नाद करू नये. तिला डॉक्टरांनी केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू दिला आणि तिला महिन्याभरात आराम पडला.

आणखी एक अपवाद आम्ही घरात कडक पाळतो. कापसावर फवारणी झाली, की त्या दिवशी घरधन्याने आणि जो कोणी शेतात गेला असेल त्याने साबण-शाम्पू लावून डोक्यावरून आंघोळ करायची, रिठा वगैरे काही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून त्या औषधाचा वास घेऊन कोणी उंबऱ्याच्या आत आले तर सासूबाई पाण्याचा ग्लासही हातात देत नाहीत. न्हाणीघरातल्या फळीवर शाम्पूची बाटली अजून आहे ती यासाठीच.

ड्रम दोनशे लिटरचा आहे. झाकणाखाली फडके घट्ट बांधावे लागते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. रिठ्याच्या एका धुण्याला सात लिटर पाणी लागते, आणि आता सासूबाईही त्यातच भागीदार झाल्या आहेत, त्यामुळे दोघींचे मिळून पाऊस संपल्यापासून वैशाखापर्यंत ते पुरायला हवे. पण पाहुणे येतात, मुलगी सुटीला आली की रोज डोके धुते, आणि होळीपर्यंतच ड्रमचा तळ दिसतो. त्यानंतर बोअरच्याच पाण्याने धुऊन शेवटच्या तांब्यात लिंबू पिळावे लागते. त्या आंबटाने क्षारांचा थर थोडा तरी सैल होतो. आणि नेमके तेव्हाच आमच्या बाजारात दहा रुपयांना एक लिंबू मिळते.