साडेसहा फूट

गुरुवार, रात्री

वालीकार (गावचा कोतवाल) संध्याकाळी नोटीस देऊन गेला. सही घेतली, चहाला थांबला नाही. एरवी थांबतो.

कागद कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतला. कन्नड अक्षरं मला लागतात, पण सरकारी वाक्य लागत नाही. शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. 'हद्दुबस्तु', म्हणजे हद्दीची मोजणी, एवढं मात्र पहिल्या झटक्यात वाचलं. मग 'मोजिणी', 'हिस्सा', 'गुंटे'. भांडणाचे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. मोजणीचे अर्ज ज्या कॉम्प्युटरवर चढतात, त्या व्यवस्थेचं नावसुद्धा कर्नाटक सरकारने 'मोजिणी'च ठेवलंय. आम्ही बांधाला मेर म्हणतो, कन्नडमध्ये हद्दीला 'मेरे' म्हणतात. तरी नोटीस काही कळेना.

पोरं दोघंही पुण्याला. गल्लीत घडाघडा कन्नड वाचणारी एकच, तात्यांची सून. माहेर बैलहोंगलकडचं. आणि नोटीस काढायला लावणारे तात्याच. दोन महिने त्यांच्या दारात पाय ठेवला नव्हता. अर्धा तास अंगणात येरझाऱ्या घातल्या, शेवटी ती पाण्याला बाहेर आली तेव्हा परड्यातूनच कागद पुढे केला.

तिने ओढणीला हात पुसून कागद घेतला आणि सासऱ्यानेच माझ्याविरुद्ध केलेला अर्ज मला मराठीत समजावून सांगितला. कुठे काही गाळलं नाही. "लगतच्या कब्जेदाराने मेर कोरून जागा आत घेतली आहे, असं लिवलंय अण्णा." मग जरा थांबून, "मी नाही लिवलं हं. बाहेरून लिहून आणलंय." पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी दहाला हजर राहायचं.

शनिवार

बायको म्हणते, सगळं रीतसर लिहून ठेवा, उद्या कोर्टात लागेल. कोर्टात लागेल असं मी काही लिहीत नाही. तरी मांडून ठेवतो.

आमचा आणि तात्यांचा तुकडा लागून आहे. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत लांबच लांब दोन पट्टे, मधे मेर. पावसाळ्यात दोघांचंही भात, वरच्या माळवट भागात रताळी. आमच्या या पश्चिम भागातली रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात जातात, हे माणसांना जेवढं माहीत आहे तेवढंच रानडुकरांनाही. गेल्या वर्षी एका रात्रीत तात्यांची चार सरी उकरून टाकली होती. रताळं खातात त्याचं एवढं नाही, पण निम्मं चावून टाकतात त्याचा राग येतो. तेव्हा तात्यांनी काटेरी तार मारायची ठरवली, यात वावगं काहीच नव्हतं. मीसुद्धा निम्मा खर्च दिला असता.

पण पाडव्यानंतर एक दिवस शेतात गेलो तर सिमेंटचे पोल उभे. आणि ते मेरेवर नाहीत, ओढ्याच्या बाजूला सरळ माझ्या रानात. पाच-साडेपाच फूट आत. एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे दोन पोल हलवून काढले आणि मेरेच्या पलीकडे टाकले. तात्या आले. मग जे बोलणं झालं ते लिहीत नाही. माझ्या आईचं नाव निघालं, त्यांच्या वडिलांचं निघालं. तात्या आमच्या आप्पांचे मैत्र. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीय. "तुझ्या बाला इचार जा की गा, कुणाची मेर ती!" असं ते ओरडले. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली, कुणाला विचारू?

बायकोने त्या रात्री एकच वाक्य टाकलं. "एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत दोघं एका गाडीवर जाता, महाराष्ट्रात जायला सीमाभागातल्या 865 गावांची हद्द मागता. आणि हितं?" मी जेवत होतो, जेवत राहिलो.

सोमवार

बेळगावला वकिलाकडे. गर्दी होती, दहा मिनिटं मिळाली. मी ऐकीव ज्ञान पाजळलं: बारा वर्षं वहिवाट असली की जागा आपली. तो हसला. म्हणाला, मुदतीचा कायदा 1963 चा, बारा वर्षं हे खरं, पण नुसतं कसून भागत नाही. जागा मुळात त्यांची आहे, ते माहीत असून आम्ही उघडपणे, त्यांचा हक्क नाकारून ती बळकावून बसलोय, असं तुम्हाला म्हणावं लागेल. आणि 'जागा आमचीच' आणि 'दुसऱ्याची होती पण आम्ही दाबली' ही दोन्ही वाक्यं एका तोंडाने बोलता येत नाहीत.

म्हणजे जिंकायचं तर आप्पांनी चोरी केली असं मीच लिहून द्यायचं. बसमध्ये हिंडलगा येईपर्यंत हे डोक्यात फिरत होतं. फी दिली, पावती नाही.

शुक्रवार

मोजणी झाली.

सर्व्हेअर तरुण पोरगा, विजापूरकडचा. उन्हाने लाल झालेला. मराठी मोडकं बोलत होता पण माणूस चांगला. आधी दोघांच्याही घरचं पाणी प्यायला, एकाच्याच घरचं नाही. यंत्र तिपाईवर लावलेलं, पण खरा आधार त्याच्या फायलीतल्या जुन्या टिपणाचा. ब्रिटिशांच्या वेळच्या मापाचं. मुंबई इलाख्याची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, आणि 40 गुंठ्यांचा एकर. 1956 ला राज्य बदललं, साखळी तीच राहिली. अजून आमच्या पहाणीवर (आम्ही उताराच म्हणतो) क्षेत्र एकर, गुंठे, आणे असंच येतं. नाणी गेली तरी जमिनीतला आणा गेलेला नाही.

रस्त्याकडचा दगड सगळ्यांना माहीत होता, तिथं तंटा नव्हताच. तिथून ओढ्यापर्यंत टिपणावर दहा साखळ्या. तीनशे तीस फूट. तो चालत गेला, मागून आम्ही. तात्या मेरेच्या त्या अंगाला, मी या अंगाला, मधे घायपाताची जुनी बेटं. बोललो नाही. त्यांचा गुडघा दुखतो, हे मला चालण्यावरून दिसत होतं.

ओढ्याकडच्या टोकाला त्याने लाल झेंडी रोवली. माझ्या रानात. मेरेपासून साडेसहा फूट. तात्यांचे पोल साडेपाचावर होते, म्हणजे त्यांनी स्वतःहून एक फूट सोडला होता. कुणी काही बोललं नाही. मी मनात हिशेब केला: वर शून्य, खाली साडेसहा, लांबी तीनशे तीस. निमुळती पट्टी, गुंठ्याला पाव आणा कमी.

वर शून्य, खाली साडेसहा. हे मला जास्त लागलं. नांगर चुकून सरकला असता तर सगळीकडे सारखा सरकला असता. रस्त्याकडच्या तोंडाला येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर असते. ओढ्याकडे कोण बघतंय? दरवर्षी नांगराचा एक तास मेरेच्या पोटाला लावायचा, चार बोटं, फार तर पाच. पावसात मेर ढासळली की चिखल आपल्या बाजूने थापायचा नाही, त्यांच्या बाजूने थापायचा. वीस-पंचवीस वर्षांत साडेसहा फूट आरामात होतात. बांध कोरणारा माणूस दिवसाउजेडी, बैल जुंपून, सगळ्यांना रामराम करत चोरी करतो. मी दुसऱ्यांबद्दल हे कित्येकदा बोललोय, गावकीत बसून.

सर्व्हेअर म्हणाला, "टिपणात इथे कल्लु आहे, दगड. खणा." तात्यांच्या मुलाने कुदळ घेतली. वळिवाने माती मऊ झालेली. वीतभर खाली खट्ट वाजलं.

तो आवाज मी ओळखला.

टिलर घेतला तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं आप्पा मेरेवर बसून सांगायचे, असा वळव, तसा दाब. ओढ्याकडच्या त्या जागेशी आलो की पात्याला खट्ट लागायचं, आणि आप्पा लांबूनच ओरडायचे, "तिथं दगूड हाय गा, उचल टिलर!" पुढं ते सांगायचे थांबले, पण माझा हात आपोआप दांडी वर उचलायचा. रानात दगड असतोच, म्हणून मी कधी उकरून बघितला नाही. इतका मोठा दगड आप्पांनी कधी काढून का टाकला नाही, हेही कधी मनात आलं नाही. मेरेवरचा गोटासुद्धा गोळा करून ओढ्यात टाकणारा माणूस तो.

दगड घडीव होता. वरून चौकोनी, हातभर खोल गेलेला. एका कोपऱ्याला पात्याच्या घासण्याने पांढऱ्या रेघा पडलेल्या. माझ्याच टिलरच्या. तात्या वाकले, गुडघ्यावर हात टेकून, आणि रेघांवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. "झाकून टाक ते, ऊन लागतंय," असं पोराला म्हणाले. दगडाला ऊन लागतं का? पण पोराने खरोखर त्यावर एक पोतं टाकलं.

पंचनामा कन्नडमध्ये. सुनेने उभं राहून वाचून दाखवला, दोघांनाही, एकदाच. हरकत आहे का, असं सर्व्हेअरने विचारलं. मी मराठीत सही केली. तात्यांनीही.

रविवार

तार लागली. सरळ रेषेत, दगडावरून. सोडलेला एक फूट तात्यांनी आता सोडला नाही. मीच सोडू नका म्हणायला हवं होतं, तेही जमलं नाही.

एक गोष्ट मोजणीत कुणाच्या ध्यानात आली नव्हती. रस्त्याकडून माझ्या पट्ट्यात टिलर उतरत नाही, तो उतरायचा तात्यांच्या रानातून, मेरेवरच्या खिंडीतून. कागदावर वाट नाही, पण चाळीस वर्षांची वहिवाट. (ही वहिवाट मात्र खरी.) आता तिथे पाच पदरी तार. धूळवाफेची पेरणी तोंडावर, रोहिणी निघाली. सकाळी टिलर घेऊन उभा राहिलो तर तात्या पलीकडून आले. "तारा सोडवून देतो. काढ टिलर, मग परत बांधू."

"नको तात्या, फिरून जातो."

"दीड किलोमीटर हाय की गा."

"व्हय. जातो खरं."

का नको म्हणालो, ते मला सांगता येत नाही. राग असता तर सोपं होतं. फिरून गेलो. वाटेत टिलर दोनदा बंद पडला. निम्म्या रानात इंद्रायणी पेरून झाली आणि वर ढग आले. ओढ्याकडच्या टोकाला वळताना माझे हात दांडी उचलायला गेले. तारेच्या बरंच अलीकडे होतो मी.

रात्री आई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मोजणीचं तिला कुणी काही सांगितलेलं नाही, मी तर मुळीच नाही. हद्द ठरली, तार लागली, एवढंच. तिला आता कमी दिसतं, खडे बोटांनी शोधते. मी पाणी पिऊन आत निघालो तेव्हा मान वर न करता तिने विचारलं,

"दगूड वर आलेला, का पुरलेलाच व्हता?"