तुम्ही विचारलंत म्हणून : एकच गाडी जळाली, तर स्लॅबला काय होतंय?

सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये (इमारतीखालचे पार्किंगचे मजले, ज्यांच्या छतावर बाग असते) गाडी पेटली, बंब आला, आग विझली. त्यानंतर कमिटीचा ठरलेला प्रश्न येतो : "काँक्रीट कधी जळतं का हो? प्लास्टर करून रंग मारला तर काय बिघडलं?" आधी टेकू लावा म्हटलं, की आम्ही स्ट्रक्चरल इंजिनियर फीसाठी घाबरवतो.

जळत नाही, मान्य. पण ३०० अंशांच्या पुढे काँक्रीटची ताकद उतरू लागते. ४००-५०० ला सिमेंटमधल्या चुन्याचं पाणी निघून कळीचा चुना उरतो. पुढे हवेतली ओल लागली की तो फुगतो, आणि आगीत टिकलेला पृष्ठभाग काही आठवड्यांनी पोपडे टाकतो. म्हणून लगेच प्लास्टर नको. सळईची ताकद ५५०-६०० ला निम्म्यावर येते; गार झाल्यावर बरीच परत मिळते, पण जुन्या इमारतींतल्या पिळाच्या टोर सळईला ४५० च्या वर ती पूर्ण मिळत नाही.

तासाभराच्या प्रमाणित (चाचणीसाठी ठरवलेल्या) आगीत तळापासून ४ सेंटिमीटर आत साधारण ३०० अंश असतात, २ सेंटिमीटरवर ५०० च्या आसपास. म्हणजे सगळा खेळ कव्हरचा, सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा. आग दोन तास सोसायची तर आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या टेकलेल्या (टोकांना नुसत्या आधारावर ठेवलेल्या) स्लॅबला ३५ मिमी कव्हर मागतं. फोडून पाहिलं तर बऱ्याचदा १५ सापडतं. त्यात खपली उडाली की सळई थेट ज्वाळेत.

हे सगळं तरी डोळ्यांना दिसतं. न दिसणारं ग्रेट्झेनबाखला घडलं. स्वित्झर्लंडमधल्या या गावात नोव्हेंबर २००४ मध्ये जमिनीखालच्या पार्किंगला आग लागली. बीम नसलेला फ्लॅट स्लॅब, वर मातीचा थर. जवान आत असताना स्लॅब कॉलमांभोवती कातरला गेला आणि कोसळला. सात अग्निशामक गेले. स्लॅब खालून तापला की त्याला खाली झोळ घ्यायचा असतो, वाकायला जागा मिळत नाही, आणि कॉलमच्या माथ्यावरचा ताण वाढतो. अशा कातरण्याला आधी फार वाक येत नाही, इशाराही मिळत नाही. आपल्याकडच्या पोडियमवरही बाग असतेच. एक मीटर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पावणेदोन-दोन टन. गाड्यांसाठी धरलेला भार जेमतेम पाव टन. हा हिशेब काढला की मला कुणी घाबरट म्हटलेलं चालतं.

तेव्हा आधी टेकू, तेही खालच्या मजल्यांतून थेट जमिनीपर्यंत. मलबा उचलू नका : ॲल्युमिनियमचे वितळलेले थेंब सापडले तर तिथे तापमान ६०० च्या आसपास तरी गेलं होतं. मग हातोड्याने ठोकून बद्द आवाजाच्या जागा खुणावायच्या. तापलेलं काँक्रीट गुलाबी दिसतं, या पुस्तकातल्या खुणेवर विसंबू नका, आपल्या काळ्या दगडाच्या खडीत ती नीट उमटत नाही. कोअर (ड्रिलने काढलेला काँक्रीटचा गोल नमुना) अख्खा दाबला तर आतलं चांगलं काँक्रीट बाहेरचं खराब झाकतं. चकत्या कापून तपासा. सळईचा तुकडाही कापून लॅबला पाठवा.

कबूल करतो, बहुतेक वेळा स्लॅब वाचतो. बाद थर सळईच्या मागे २५ मिमीपर्यंत चिपिंग करून (छिन्नीने तोडून) काढायचा आणि मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं काँक्रीट, भरायचं. कॉलमच्या माथ्याचं मात्र मला अजून पटत नाही. वरच्या सळ्या गार राहिलेल्या असतात, आकडे पास होतात, तरी मी आधी माती उतरवायला सांगतो. कमिटी विचारते, पास झालंय तर बाग का काढायची? आकड्यांत याचं उत्तर नाही, आणि माती न उतरवता मी सहीही करत नाही.