सरळ रेषेतले अडीच किलोमीटर

खानदेशाच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या एका पाड्यावरील जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी शिकवतो. आमची शाळा पाचवीपर्यंतच आहे. सहावीसाठी मुलांना नाल्यापलीकडच्या गावी जावे लागते, आणि या मुलांना समग्र शिक्षा योजनेतील वाहतुकीची सोय मिळवून देण्यात आमचे जवळपास एक शैक्षणिक वर्ष गेले.

पहिला प्रस्ताव जूनमध्येच परत आला. त्यावर शेरा होता, ‘अंतर विहित मर्यादेत आहे.’ महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षण हक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी लागते. नकाशावर सरळ रेषेत मोजले तर आमचा पाडा आणि ती शाळा यांत अडीच किलोमीटरही भरत नाहीत. त्या रेषेखाली एक टेकडी आणि एक नाला आहे, ही गोष्ट त्या आकड्यात कुठेच येत नव्हती.

नाला उन्हाळ्यात कोरडा असतो. पावसाळ्यात मात्र वर डोंगरात सर कोसळली की पाड्यावर ऊन असतानाही त्याला पाणी चढते, आणि मग मुलांना खालच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो. तो वळसा एका बाजूने सात किलोमीटरांचा आहे. त्या वर्षी सहावीत गेलेल्या आमच्या नऊ मुलांपैकी चार मुलींची नावे जुलैनंतर तिथल्या हजेरीपटावर केवळ गैरहजेरीच्या खुणांपुरती उरली होती.

मी मूळचा रावेरकडचा. आमच्या केळीच्या पट्ट्यात ३ किलोमीटर म्हणजे सायकलवर पाव तास, त्यामुळे नियमातला हा आकडा मला अनेक वर्षे पुरेसा उदार वाटत असे. तापीकाठच्या सपाटीवर रस्ते आणि रेल्वे लवकर पोहोचले, त्यांच्याबरोबर मोठ्या शाळाही उभ्या राहिल्या. साने गुरुजींनी १९२४ पासून सहा वर्षे जिथे शिकवले, ते अमळनेरचे प्रताप हायस्कूल याच सपाटीवरचे. तोच आकडा डोंगरात जसाच्या तसा लावला की समान वागणूक मिळाल्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात डोंगरातल्या मुलाच्या वाट्याला दुप्पट-तिप्पट चाल येते. माझ्या मते हा अन्यायच आहे.

सुदैवाने कायदा याबाबत गप्प नाही. अवघड भूभाग, दरडी, पूर किंवा रस्त्यांचा अभाव असेल तिथे मुलांचा धोका टाळण्यासाठी अंतराची मर्यादा कमी करावी, असे केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद आमच्या केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मला वाचून दाखवली, आणि दुसरा प्रस्ताव आम्ही तिच्या आधाराने लिहिला.

त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेतला. समितीतील दोन पालकांबरोबर मी दोन्ही वाटा पायी चाललो आणि मोबाईलवर अंतर नोंदवले. खरा उपयोग झाला तो मात्र एका साध्या वहीचा. नाल्याकाठी घर असलेल्या एका आईने जुलै आणि ऑगस्टमध्ये रोज सकाळी पाणी पाहून आपल्या मुलाकडून त्या वहीत ‘उतार आहे’ (नाला पायी ओलांडता येतो) किंवा ‘उतार नाही’ असे लिहून घेतले. ती स्वतः शाळेत गेलेली नाही. तिच्या वहीतल्या ‘उतार नाही’च्या तारखा आणि हजेरीपटावरच्या गैरहजेरीच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

तरीही फाईल दोनदा त्रुटीसाठी परत आली. सप्टेंबरअखेर स्थळपाहणीला आलेले विस्तार अधिकारी जीप पुलापाशी ठेवून आमच्याबरोबर पूर्ण वळसा चालले. याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. अहवालात त्यांनी सरळ रेषेचे अंतर न लिहिता पावसाळ्यातील चालण्याचे अंतर लिहिले.

मंजुरी जानेवारीत आली. गावातल्या जीपवाल्याशी बोलणे झाले आणि चारपैकी तीन मुली पुन्हा शाळेत जाऊ लागल्या. चौथी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती; ते परत येतील तेव्हा तिला सातवीत बसवण्याविषयी पलीकडच्या मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवले आहे. मंजुरी त्या एकाच वर्षापुरती असल्यामुळे पुढच्या वर्षाचा प्रस्ताव मार्चमध्येच तयार केला, आणि त्या आईला नवी वही दिली.