पासष्ट लिटरमधली ॲक्रोपोरा : नवव्या महिन्याची नोंद

ही समुद्रासारख्या खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी; ॲक्रोपोरा हा त्यातलाच एक फांद्यांचा प्रवाळ. टाकी ४५ × ४५ × ४० सेंटीमीटरची. मापाप्रमाणे ८१ लिटर, पण खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी राहतं ६५ लिटर. खालचे सगळे हिशोब या ६५ वरच धरलेत. बाहेरच्या मापावरून पाण्यात घालायच्या क्षारांचा डोस काढला तर तो सव्वापट पडतो, आणि लहान टाकीत एवढी चूक ॲक्रोपोराला महागात जाते.

सध्या आत आहेत हे प्रवाळ : दोन मॉन्टिपोरा (एक पसरट, एक फांद्यांची), एक स्टायलोफोरा, एक सेरिॲटोपोरा आणि ॲक्रोपोराचे तीन फ्रॅग (लावण्यासाठी तोडलेले छोटे तुकडे). मासे दोनच. ॲक्रोपोरा पाचव्या महिन्यापर्यंत मुद्दाम लांबवली. अमोनिया आणि नायट्राइट पहिल्या महिन्यात शून्यावर येतात, पण तेवढ्यानं टाकी मुरत नाही. कोरडा खडक बरेच आठवडे फॉस्फेट शोषतो, मग कधी सोडतो, आणि आकडे वरखाली होत राहतात. खडकावर जांभळट कोरलाइन शेवाळ धरलं, स्टायलोफोराचं बूड प्लगवर, म्हणजे ते चिकटवलेल्या चकतीवर, पसरलं आणि अल्कलिनिटीचा (सांगाडा बनवायला लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा) रोजचा खप मोजता येण्याइतका झाला, तेव्हा पहिला फ्रॅग आत गेला.

आजचे आकडे : तापमान २५.५ ते २६ अंश, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), अल्कलिनिटी ७.८ ते ८.० डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक), कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३४०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, हे चारही पीपीएममध्ये (दहा लाखात इतके भाग). खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घेतलेला आहे. साध्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवला तरी तो ३५ जवळ चुकू शकतो.

यातला जपायचा आकडा अल्कलिनिटीचा. ७.५ ठेवा किंवा ८.५, प्रवाळ दोन्हींत वाढतात. त्यांना खुपतो तो चढउतार. म्हणून "किती आहे" यापेक्षा "रोज किती खर्च होते" हे आधी शोधायचं. डोस तीन दिवस बंद ठेवून रोज एकाच वेळी मोजलं की खप कळतो. तिसऱ्या महिन्यात तो ०.२ डीकेएच होता, सहाव्यात ०.५, आता ०.८. प्रवाळ वाढले की खपही वाढतो. महिनाभर डोस न बदलता टाकी स्थिर राहिली, तर वाढ थांबली आहे असं समजून कारण शोधायला लागावं.

कॅल्शियमचं गणित यालाच बांधलेलं आहे. सांगाडा बनताना २.८ डीकेएचमागे साधारण २० पीपीएम कॅल्शियम जातं. म्हणजे ०.८ च्या खपाला दिवसाला जेमतेम ६ पीपीएम, जे किटवर दिसतही नाही. अल्कलिनिटी दिवसाआड आणि कॅल्शियम पंधरवड्यातून एकदा मोजतो ते यामुळेच.

या टाकीत १ डीकेएच वाढवायला खाण्याचा सोडा १.९५ ग्रॅम लागतो, पण त्यानं फक्त अल्कलिनिटी भरते. सध्या भर चुन्याच्या निवळीवर आहे. तीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात खर्च होतात त्याच प्रमाणात परत मिळतात, शिवाय पीएचही वर राहतो. ६५ लिटरला १ डीकेएचसाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना, ०.८६ ग्रॅम. रोजचं बाष्पीभवन सुमारे १ लिटर, म्हणून टॉप-ऑफच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरायच्या, दर लिटर आरओडीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात ०.७ ग्रॅम.

टॉप-ऑफचा डबा फक्त ३ लिटरचा ठेवलाय, आणि हा निर्णय बाकी सगळ्या साधनांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पातळी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच अडकून सगळा डबा रिकामा झाला तर २.१ ग्रॅम चुना, म्हणजे सुमारे २.४ डीकेएचची उडी. वाईटच, पण काही प्रवाळ वाचतील. डबा १० लिटरचा असता तर तीच उडी ८ डीकेएचची झाली असती. डब्याला झाकण हवंच, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड चुना खातो, वर पापुद्रा येतो आणि निवळी हळूहळू कमजोर पडते. तळाला बसलेला पांढरा साका ढवळायचा नाही, पंपाचं तोंड त्याच्या वर ठेवायचं.

आणखी एक फसवी गोष्ट. गारव्यासाठी पंखा लावला की बाष्पीभवन दीड लिटरवर जातं आणि चुनाही आपोआप दीडपट पडू लागतो. दिवसाला ०.४ डीकेएच जास्तीचे. पंखा चालू असेल त्या दिवसांत तोच ०.७ ग्रॅम दीड लिटरात घालायचा.

सहाव्या महिन्यात टोकं जळाली. मिठाची नवी बादली उघडली होती, तिचं पाणी ११.८ डीकेएचचं निघालं आणि ते न मोजताच ३० टक्के पाणी बदललं गेलं. ८.० वरून एका तासात ९.१. त्यात फॉस्फेट ०.०१ वर घसरलेलं. चौथ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर ॲक्रोपोराच्या दोन फांद्यांच्या शेंड्यावरचा नळीसारखा कोरलाइट (पॉलिपचा सांगाड्यातला कप) उघडा पडला होता : खडूसारखा पांढरा, कडेला कातडीची फाटकी रेघ, आणि खाली मिलिमीटरभरावर पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) मात्र नेहमीसारखे फुललेले. बुडापासून कातडी सुटत असती तर घाबरण्यासारखं होतं. नुसती टोकं म्हणजे चढलेली अल्कलिनिटी आणि उपाशी प्रवाळ. चढलेली अल्कलिनिटी सांगाडा जोरात वाढवते, पोषण तुटपुंजं असलं की कातडी मागे पडते.

आम्ल घालून आकडा खाली ओढला नाही, ती दुसरी उडी ठरली असती. निवळी दोन दिवस बंद ठेवली, खपानंच तो ८.१ वर आला. फॉस्फेट शोषणारी जाळी काढली, माशांचं खाणं दिवसातून दोनदा केलं. तीन आठवड्यांत टोकांवर कातडी परत चढली. आता दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे साडेसहा लिटर. त्याच मिठानंही तेवढ्यानं ०.४ च्या आतच फरक पडतो.

फॉस्फेटसाठी हॅना कंपनीचा फॉस्फरस अल्ट्रा लो रेंज चेकर (HI736) वापरत असाल तर तो फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतो. आकड्याला ३.०६६ ने गुणून हजारानं भागायचं. १६ दिसलं की ०.०५ पीपीएम. शून्य दिसलं तर आनंद मानू नये. प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर येतो.

प्रकाश ॲक्रोपोराच्या जागी २८० पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप), मॉन्टिपोराच्या जागी १६०. नवा फ्रॅग आधी वाळूवर, मग दर आठवड्याला एक पायरी वर. प्रवाहासाठी समोरासमोर दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप) आलटून पालटून. पॉलिप दोन्ही बाजूंना डोलले पाहिजेत. एकाच बाजूला आडवे पडत असतील तर त्या धारेनं कातडी सोलली जाते.

प्रत्येक फ्रॅगचा जुना प्लग तोडून टाकायचा. ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्याची तपकिरी अंडी बुडाशी, उघड्या सांगाड्यावर चिकटलेली असतात आणि डिपनं (औषधाच्या पाण्यात बुडवून) ती मरत नाहीत. म्हणून नवा फ्रॅग टाकीत जाण्याआधी वेगळ्या भांड्यात सहा आठवडे, दर आठवड्याला एक डिप. फांदीवर गोल फिकट ठिपके दिसले तर ते चावे समजायचे आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

पुढचं काम कापणीचं. सेरिॲटोपोराची सावली पसरट मॉन्टिपोरावर पडू लागलीय, कडेची पांढरी वाढरेषा त्या बाजूला पुसट झालीय. सेरिॲटोपोराचा तिसरा भाग काढला की खपही उतरणार, तेव्हा त्याच दिवशी चुना लिटरला ०.५ ग्रॅमवर आणायचा, चार दिवस रोज अल्कलिनिटी मोजायची आणि आकडा घसरायला लागला तरच ०.०५ ग्रॅमच्या पायरीनं वाढवायचा.