"काही करत नाही तो"

आज संध्याकाळी जिन्यात समोरून रॉटवायलर कुत्रा आला. गळ्यात पट्टा होता, पण साखळीचं दुसरं टोक पायऱ्यांवर घासत होतं. लेक माझ्या मागे लपली. तिने ओढणी इतकी घट्ट धरली होती की घरी आल्यावरही चुण्या तशाच. वरच्या मजल्यावरून मालक ओरडले, "घाबरू नका, काही करत नाही तो!"

खरंच काही केलं नाही त्याने. जवळून गेला तेव्हा पट्ट्याखालचे केस गेलेले दिसले, कातडी लालभडक. दिवसभर गॅलरीत बांधलेला असतो बिचारा. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त पोटात तुटलं.

नवरा म्हणाला, अशा जातींवर बंदीच हवी. मला नाही पटत. ब्रिटनने १९९१ मध्ये पिटबुलवर बंदी घातली, तरी फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक्सएल बुली ही दुसरी दांडगी जात विनापरवाना पाळणंही गुन्हा ठरवावं लागलं. नेदरलँड्सने तर पिटबुलबंदी २००८ मध्ये मागेच घ्यायचं ठरवलं, कारण चावे काही कमी झाले नाहीत. एक जात गेली की माणसं दुसरी आणतात.

एवढ्या ताकदीच्या कुत्र्याचा चावा जिवावर बेतू शकतो, हे मान्य. म्हणूनच असं जनावर पाळणाऱ्याला नोंदणी, मुसकं, प्रशिक्षण सक्तीचं हवं. आणि चावलाच, तर उपचाराचा खर्च आणि शिक्षा दोन्ही मालकाला.

उद्या सकाळी त्यांच्याकडे जाणार आहे. आधी साखळीचं बोलेन, मग त्या मानेचं.