खिडकी नसलेली खिडकीची सीट

दिल्लीहून उत्तर बंगालमधल्या बागडोगऱ्याला जाणाऱ्या विमानात डावीकडे बसायचं, एवढं मला पाठ होतं. विमान पूर्वेला जातं, हिमालय राहतो उत्तरेला, म्हणून ‘ए’. पंखाच्या पुढची रांग हवी म्हणून ६ए साठी जादाचे साडेचारशे रुपये भरले. नोव्हेंबर होता, विमान सकाळचं. नवऱ्याने मधली सीट मुकाट्याने पत्करली.

दिल्लीत बोर्डिंग पास हातात आला, त्यावर ११ए.

“मॅम, एअरक्राफ्ट चेंज हुआ है,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. मग माझं ६ए कुठे गेलं? “वो ब्लॉक है. लेकिन आपको विंडो ही दिया है.” मी म्हटलं, अहो, पण तिथे पंख येईल. “विंडो ही है, मॅम.” पैशांचं काय? “ऐप पे रिक्वेस्ट डालिए.” मागची रांग उसासे टाकायला लागली. नवरा बॅग पुढे ढकलत म्हणाला, “अगं चल ना, खिडकी आहे म्हणतेय ती.” ॲपवर चॅटबॉट निघाला. मी सीटचे पैसे परत मागितले, त्याने विचारलं, जेवण शाकाहारी हवं का? दोनदा.

आत जाऊन ११ए वर बसले, डावीकडे वळले, तर समोर भिंत. पांढरं प्लास्टिक, मधोमध एक ओरखडा. खिडकी नव्हतीच! नंतर वाचलं ते असं : बोइंग ७३७ मध्ये एसीच्या हवेची नळी पोटातून छताकडे भिंतीतूनच जाते, ती जिथून जाते तिथे खिडकी ठेवत नाहीत. तिकिटावर मात्र ती सीट खिडकीचीच. एअर होस्टेसला दाखवलं, तर तीही ओशाळून हसली. विमान फुल्ल होतं.

पुढच्या १०ए वाल्या काकांना खरी खिडकी होती. त्यांनी शटर ओढून घेतलं होतं आणि तोंड उघडं टाकून झोपले होते. दीड तास मी त्या शटरकडे बघत बसले. कोणाला झोपेतून उठवणं माझ्या स्वभावात नाही, पण शेवटी खांद्याला हात लावलाच. काका सिलिगुडीचे. “आप बैठिए, मेरा तो घर ही वहाँ है,” म्हणाले आणि माझ्या जागी येऊन त्या प्लास्टिकला डोकं टेकून पुन्हा झोपले. त्यांना ती भिंतच जास्त सोयीची.

शटर वर केलं. ल्होत्से-नुप्त्से या शिखरांची लांबलचक भिंत आणि तिच्या मागून डोकं काढलेला काळसर त्रिकोण, तोच एव्हरेस्ट. उजवीकडे मकालू. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर, आपलं विमान त्याहून वर, तरी आपण वर आहोत असं काही वाटेना. मग बऱ्याच अंतराने, एकटंच ऐसपैस बसलेलं कांचनजंगा. नवरा माझ्या मागच्या रांगेत, मधल्या सीटवर. त्याला काही दिसलं नाही. मी मान वळवून सगळं सांगत होते.

हो, म्हणजे झोपायचं तर पहिल्या तासात झोपा, शेवटचा अर्धा तास सोडू नका. सकाळी सूर्य उजव्या अंगाला असतो, त्यामुळे डावीकडे फोटोत चकाकी येत नाही. फोन काचेला अगदी जवळ धरा. पंखाच्या मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेने डोंगर थरथरल्यासारखे दिसतात. उतरताना मात्र कॅमेरा खिशात, बागडोगरा आपल्या लोहगावसारखाच हवाई दलाचा तळ आहे. आणि मुख्य म्हणजे सीटचे पैसे भरण्याआधी विमान कोणतं ते बघा, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. बदललं असेल तर विमानतळावर जाण्याआधीच भांडा.

परतताना डोंगर उजवीकडे, म्हणून ६एफ घेतली. तीच मिळाली, खिडकीही होती. दिल्लीपर्यंत ढग.

साडेचारशे रुपयांची रिक्वेस्ट ॲपवर अजून ‘प्रक्रियेत’ आहे.